बोरन्हाण: काय ओतायचं आणि कोणी ओतायचं

सोलापुरातल्या एका बालवर्गाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातला हा बालवर्ग. तीन ते पाच वर्षांची २६ मुलं, मी शिक्षिका आणि मदतीला एक मावशी. ओळख पटू नये म्हणून मुलांचे काही तपशील बदलले आहेत, घडलं ते मात्र तसंच ठेवलं आहे. बहुतेक घरांत आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर नाहीतर रिक्षावर. मी गोष्ट मराठीत सांगते, पण पाटीवरून भांडण लागलं की निम्मी मुलं तेलुगूत भांडतात, काही कन्नडमध्ये, चार-पाच दखनी उर्दूत. भांडणं मिटवता मिटवता मलाही तिन्ही भाषा थोड्या थोड्या यायला लागल्या.

जानेवारी उजाडला की आमच्या मुलांच्या डोक्यात एकच गोष्ट, गड्डा. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांची यात्रा असते. ६८ लिंगांचा तैलाभिषेक, मग अक्षता सोहळा, होमप्रदीपन, शेवटी शोभेची दारू. पांढऱ्या बाराबंदीतले लोक सात नंदीध्वज पेलत निघतात ते मुलांनी बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेलं असतं. मग पुढचा आठवडाभर वर्गातला झाडू जागेवर सापडत नाही. एक जण तो उभा धरून पुढे चालतो आणि बाकीचे मागून ओरडतात, ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!’

या सगळ्यातच आम्ही बोरन्हाण घालायचो. संक्रांतीनंतरचा शनिवार, काळे कपडे, हलव्याचे दागिने, पाटावर मूल. वरून बोरं, हरभरे, शेंगदाणे, चुरमुरे, उसाचे करवे आणि अलीकडे रंगीत गोळ्या-चॉकलेटं. सोबत आयांचं हळदीकुंकू आणि मोबाईलवर फोटो. कार्यक्रम पाऊण तासात उरकायचा. मुलं त्यात बसायची, एवढंच त्यांचं काम.

अडचण

बोरन्हाणाची ही पद्धत आम्ही बदलली, त्याच्या आदल्या वर्षी दोन गोष्टी घडल्या.

पहिली सगळ्यांना माहीत आहे. चार वर्षांच्या एका मुलाला बोरन्हाणानंतर सर्दी झाली. पण नाक एकाच बाजूने वाहत होतं आणि त्याला घाण वास येत होता. चौथ्या दिवशी आईने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, तर नाकातून हरभऱ्याचा फुगलेला दाणा निघाला. ओलीने तो फुगतच गेला होता. आई मोबाईल घेऊन वर्गात आली. रागावली नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणाली, “बाई, फोटोत किती छान दिसतोय बघा. तेव्हाच गेला असंल आत.” फोटोत मुलगा हसत होता आणि त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. त्या दिवशी तिथे सहा मोठी माणसं हजर होतो. मूठ कुणीच पाहिली नाही.

दुसरी गोष्ट कुणी बोललंच नाही. एका मुलीला तिची आजी रोज सोडायला येते. मुलगी तिला अव्वा म्हणते, म्हणून आम्हीही अव्वाच म्हणतो. आईला सकाळी कारखान्यात विड्या द्यायला जावं लागतं, त्यामुळे बोरन्हाणालाही अव्वाच आल्या होत्या. त्या दाराबाहेर चपलांपाशी उभ्या राहिल्या. मी “आत या ना” म्हटलं, तर त्यांनी हातानेच ‘राहू दे’ अशी खूण केली. आत हळदीकुंकू चाललं होतं आणि अव्वांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पण पाटावर बसलेली नात सारखी दाराकडेच बघत होती. तिच्या डोक्यावर शेवटी मीच मूठभर चुरमुरे टाकले आणि पुढचं मूल घेतलं.

डिसेंबरात पालकांची बैठक झाली तेव्हा सगळी चर्चा दाण्याचीच झाली. दाराबाहेरच्या आजीचा विषय मी काढला नाही, कसा काढावा हेच मला कळत नव्हतं. आणि तिसरी अडचण नेहमीची: काळा फ्रॉक आणि हलव्याचे दागिने मिळून होणारा खर्च. दोन घरांनी आदल्या वर्षी त्या दिवशी मूलच पाठवलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, बोरन्हाण बंद. दोन-तीन पालकांचं हेच म्हणणं होतं आणि आमच्या व्यवस्थापनालाही ते सोयीचं वाटलं. माझा विरोध होता. वर्गात नाही झालं तर घरी होणारच, आणि तिथे हरभरे-शेंगदाणे तसेच ओतले जाणार. आम्ही हात झटकले असते, पण मुलाच्या नाकाला त्याचा काय उपयोग?

दुसरा पर्याय, कार्यक्रम तसाच ठेवायचा पण लक्ष ठेवायला माणसं वाढवायची. सहाच्या जागी दहा. पण सहा जणांना मूठ दिसली नाही ती सगळे फोटोत गुंतले होते म्हणून. दहा जण आणखी फोटो काढतील.

तिसरा, मोठ्या शाळांसारखं डिसेंबरातच एक थंडीचा उत्सव उरकायचा: कापसाचा बर्फ, लाल टोप्या, सांताक्लॉज. नाताळबद्दल माझी काहीच तक्रार नाही, ज्यांच्या घरी तो असतो त्यांनी वर्गात जरूर सांगावा. पण आमच्या मुलांनी बर्फ पाहिला आहे तो गोळेवाल्याच्या गाडीवर, तोही उन्हाळ्यात. त्यांच्या थंडीत हुरडा आहे, बोरं आहेत, गड्डा आहे. ते सोडून कापूस पिंजत बसणं मला पटेना.

चौथा पर्याय मावशींच्या एका प्रश्नातून निघाला. त्या म्हणाल्या, “ओतायचं काय, ते तर ठरवा आधी.” खरंच, बोरन्हाण घालावं की नाही यावर आम्ही तासभर बोललो होतो, पण ओतायच्या वस्तूंची यादी कुणी उघडलीच नव्हती. आम्ही ती फळ्यावर लिहिली आणि एकेक नाव खोडायला घेतलं.

निर्णयाची पहिली जागा: यादी

पाच वर्षांखालच्या मुलाला दुधाच्या दाढा आल्या तरी नीट चावायची सवय नसते. श्वासनलिका बारीक असते. अख्खा शेंगदाणा, हरभरा, फुटाणा, बोराची बी, कडक गोळी हसता-रडताना तोंडात असली तर श्वासाबरोबर आत ओढली जाते. आणि बोरन्हाणात मुलं नेमकी हसत नाहीतर रडत असतात, मान वर, तोंड उघडं. म्हणून हरभरे, शेंगदाणे, हलवा, गोळ्या, नाणी आणि उसाचे बारीक करवे ओतायच्या यादीतून गेले. उरले चुरमुरे. त्यात झेंडूच्या पाकळ्या घातल्या.

“बोराशिवाय बोरन्हाण कसलं?” एका आईने विचारलं, आणि तिचं बरोबर होतं. त्यावर तोडगा असा काढला की बोरं डोक्यावर पडणार नाहीत. न्हाण झाल्यावर मूल उठून पाच मोठी बोरं आपल्या माणसाच्या पदरात घालील. ज्याला पदर नाही त्याने रुमाल धरावा. ती बोरं घरी जाऊन, बसून, बी काढून खायची.

दाणा नाकात गेला तर चिमट्याने किंवा बोटाने काढायला जायचं नाही, तो आणखी आत सरकतो, सरळ डॉक्टरांकडे न्यायचं. घशात अडकलं आणि मूल खोकतंय, तर खोकू द्यायचं. आवाजच निघत नसेल, तर वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा, नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, आणि दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन. हे मी आणि मावशींनी एका बाहुलीवर करून पाहिलं. पालकांना फक्त सांगितलं, करायला लावलं नाही.

निर्णयाची दुसरी जागा: हळदीकुंकू

हे मी एकटीने ठरवलं, बैठकीत न विचारता. वर्गात हळदीकुंकू नाही, औक्षण नाही. ज्यांना करायचं आहे त्यांनी आपापल्या घरी, दारी करावं. कारण असं दिलं की कार्यक्रम मुलांचा आहे. ते खरं होतं, पण अर्धं.

आणि मग मी अव्वांच्या घरी गेले. त्या सुपात तेंदूची पानं कापत बसल्या होत्या. मी विचारलं, या वर्षी नातीला तुम्ही घालाल का बोरन्हाण? त्या कात्री चालवतच म्हणाल्या, “आमच्यात पण असतंय की. भोगीपळ्ळू.” भोगीच्या दिवशी लहान मुलांना बसवून घरातलं मोठं माणूस मुठीत बोरं, फुलांच्या पाकळ्या, हरभरे, चिल्लर घेतं, डोक्याभोवती तीनदा ओवाळतं आणि वरून सोडतं. दृष्ट निघते. बोराला त्या रेगीपळ्ळू म्हणाल्या. मी दहा-बारा वर्षं या भागात शिकवते आहे. वर्गातल्या निम्म्या घरांत हेच न्हाण दुसऱ्या नावाने आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

चिल्लर मुलं तोंडात घालतील, असं मी म्हटलं. अव्वांनी क्षणभर विचार केला. म्हणाल्या, “नाणं सोडणार नाही मी. मुठीतच ठेवते. ओवाळलं की झालं.” आम्ही तासभर यादीवर घासाघीस केली होती, त्यांनी एका वाक्यात प्रश्न सोडवला.

काय केलं

बोरन्हाण एका दिवसाचं न ठेवता दोन आठवड्यांचं केलं. रथसप्तमीपर्यंत ते घालता येतं, त्यामुळे घाई नव्हती. मुख्य दिवस मुद्दाम गड्ड्यानंतरचा धरला, कारण यात्रेच्या दिवसांत घरी पाहुणे असतात आणि मुलं रात्री उशिरा झोपतात.

पहिल्या दिवसांत वर्गात भोगीच्या भाजीचा बाजार मांडला. गाजरं, वांगी, पावट्याच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे. मुलांनी नुसतं हाताळायचं. पावट्याची शेंग सोलताना पहिल्यांदा नख कुठे लावायचं हे एका तीन वर्षांच्या मुलीला सापडलं, तेव्हा तिने पुढच्या बारा शेंगांना कुणाला हात लावू दिला नाही. डहाळे मोठ्या मुलांकडे दिले आणि निघालेले दाणे लगेच झाकणाच्या डब्यात. मागच्या वर्षीचा तो मुलगाही यात होता. त्याने एकेक दाणा डब्यात टाकताना मोजला.

मग हलव्याच्या दागिन्यांऐवजी धाटाचे दागिने. आपल्याकडे ज्वारीला तोटा नाही. ज्वारीच्या वाळलेल्या धाटाची साल सोलली की आत पांढरा, थर्माकोलसारखा हलका गाभा निघतो. गावाकडची मुलं त्याच्या बैलगाड्या करतात. सालीची कड ब्लेडसारखी कापते, म्हणून सोलायचं आणि तुकडे करायचं काम मावशींनी आदल्या संध्याकाळी केलं. दोऱ्याचं टोक डिंकात बुडवून वाळवलं की ते सुईसारखं ताठ होतं, मग मुलांच्या हाती सुई द्यावी लागत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डीला काम सुरू केलं तेव्हापासून बिया, पानं, शिंपले अशी अवतीभवतीची साधनं बालवाडीत आली. आम्ही नवीन काही केलं नाही, फक्त समुद्राऐवजी शेत घेतलं.

काळ्या कपड्यांबद्दल एकच निरोप गेला: घरात जे गडद असेल ते. विकत आणू नका.

घरासाठी कागद काढला नाही. विड्या वळणाऱ्या बाईचे दोन्ही हात गुंतलेले असतात, कागद वाचायला ती कधी बसणार? त्याऐवजी व्हॉट्सॲपवर दीड-दीड मिनिटाचे आवाजी निरोप पाठवले. मराठी माझ्या आवाजात, तेलुगू अव्वांच्या, कन्नड एका आजोबांच्या, दखनी एका मुलाच्या खालाच्या. प्रत्येकात एकच काम: तीळ निवडताना, पावटा सोलताना, बाजरीच्या भाकरीला तीळ लावताना मुलाला शेजारी बसवा. शेंगापोळीसाठी शेंगा फोडायला लहानांना देऊ नका, कूट झाल्यावर हात घालू दे. आजोबांनी शेवटी स्वतःहून जोडलं, ‘एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडु.’ तीळगूळ खा, गोड बोल. दुसऱ्या दिवशी कन्नड न येणारी मुलंसुद्धा ते म्हणत वर्गात आली.

एका मुलाच्या अंगावर शेंगदाण्याने गांधी उठतात, हे त्या निरोपांच्या उत्तरात कळलं. तीळगूळ कुणाला चालत नाही, हे त्याआधी कधी विचारलंच नव्हतं.

मुख्य दिवशी जमिनीवर धुतलेली चादर अंथरली. ‘अन्न पायदळी येतं’ अशी एका आईची तक्रार होती. चादरीवर चपला-पाय कुणाचे नाहीत, आणि उरलेलं मावशींच्या शेळ्यांना, असं ठरलं. एका वेळी तीन मुलं. मोबाईल एकाच्याच हातात, बाकी सगळ्यांनी मुलांचे हात आणि तोंड बघायचं.

काय झालं

२६ पैकी २४ मुलं आली. घरी जाऊन कुणाच्या नाकाकानातून काही निघालं नाही.

अव्वा या वेळी दारात थांबल्या नाहीत. नात पाटावर बसल्यावर त्यांनी मूठ तीनदा ओवाळली, पाकळ्या आणि चुरमुरे सोडले. नाणं मुठीतच राहिलं आणि मग सुनेच्या हातात गेलं. सून त्या दिवशी कारखान्यातून लवकर आली होती. नातीने पाच बोरं अव्वांच्या पदरात घातली. मग मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “अव्वा, मला पण.” त्याच्या घरून कुणी आलं नव्हतं. अव्वांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्यांनी एकूण सात मुलांना न्हाऊ घातलं.

दखनी बोलणाऱ्या घरांतली एक आई आदल्या दिवशी विचारून गेली होती, “पूजा नाही ना बाई?” नाही म्हटलं. ती आली, आणि मुलाने बोरं टाकली ती तिने ओढणीत झेलली.

सगळं जमलं असं नाही. तीन वर्षांची चार मुलं वरून काही पडणार म्हणून रडली. मागच्या वर्षी आम्ही अशांना धरून बसवलं होतं. या वेळी त्यांच्या हातात वाटी दिली, त्यांनी बाहुलीला न्हाऊ घातलं. दोघं नंतर आपणहून पाटावर आली, दोघं आली नाहीत. धाटाच्या माळा लहान मुलांना ओवताच आल्या नाहीत. गाभा बोटांत चुरला जायचा. तासाभरात त्यांना माळेपेक्षा चुरण्यातच गंमत वाटायला लागली आणि मी ते थांबवलं नाही.

एका वडिलांनी ऐनवेळी रंगीत गोळ्यांची पिशवी आणली आणि उघडूनसुद्धा ठेवली. मुलांसमोर नाही म्हणणं जड गेलं. मी ती पिशवी घेतली, त्यांना बाजूला नेऊन हरभऱ्याच्या दाण्याची हकीकत सांगितली. ते गप्प झाले, पण थोडे दुखावले. निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. घरातला फोन बायकोकडे असतो.

आणि ज्याची योजनाच नव्हती तो खेळ सगळ्यात जास्त चालला. माळांसाठी आणलेली लांब धाटं उरली होती. मोठ्या मुलांनी त्यांचे नंदीध्वज केले. सालीच्या भीतीने मी ती काढून घेतली आणि बदल्यात वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या दिल्या. सात व्हायला हव्यात म्हणून मुलांनी मला दोन आणखी करायला लावल्या. मोजणीचा धडा मी वेगळा घेतला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वडिलांना वेगळा निरोप जायला हवा होता. घरात एक फोन म्हणजे घरात एक माणूस, असं मी धरून चालले.

थापा आणि दाब बाहुलीवर करून बघणं पालकांकडूनही करून घ्यायला हवं होतं. सांगून हात शिकत नाहीत. त्याला वीस मिनिटं लागली असती.

तीन वर्षांच्या मुलांना पहिल्या दिवसापासूनच वाटी द्यायची आणि पाट नंतर, हा क्रम आधी सुचायला हवा होता. ज्याने दुसऱ्यावर ओतून पाहिलं आहे त्याला आपल्यावर काय पडणार ते कळतं.

हळदीकुंकू बंद करण्याचा निर्णय मी न विचारता घेतला याबद्दल दोन आया अजून नाराज आहेत. निर्णय मी बदलणार नाही. पण खरं कारण त्यांना सांगायला हवं होतं. ‘कार्यक्रम मुलांचा आहे’ म्हणून मी वेळ मारून नेली. त्यामुळे त्यांना वाटलं की मला त्यांचा सण नको आहे. अव्वांचं नाव न घेताही दाराबाहेर उभ्या राहणाऱ्या बाईबद्दल बोलता आलं असतं.

अव्वांकडे मी जानेवारीत गेले, तेही अपराधी वाटलं म्हणून. या वर्षी नोव्हेंबरातच निघायचं ठरवलं आहे. चपलांपाशी थांबणाऱ्या अव्वा एकट्याच नव्हत्या. जुने फोटो पुन्हा बघितले तेव्हा आणखी तीन चेहरे सापडले, दाराच्या चौकटीत, अर्धे कापले गेलेले. त्यातली एक घर बदलून विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, गेली आहे, तिचा पत्ता मावशी काढतायत.